25 वर्षं मुरलेली बोर्दो विकत घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्न 2001 सालचं, येत्या डिसेंबरात 25 वर्षं पूर्ण होतील. मुक्काम लंडनला. त्याच सालची, नीट मुरलेली फ्रेंच रेड वाइन घ्यायची आहे. एक बाटली लंडनच्या घरी उघडायची आणि एक पुण्याला आईवडिलांकडे न्यायची. खर्चाची तयारी सगळं मिळून 300 पौंडांची. कोणती घ्यावी, कुठून घ्यावी आणि फसगत कशी टाळावी?

आधी चांगली बातमी. बोर्दो या फ्रान्समधल्या वाइनप्रदेशासाठी 2001 हे साल उत्तम आहे आणि तुलनेनं स्वस्तही. त्याच्या आदल्या, 2000 सालच्या वाइनचा इतका गाजावाजा झाला की 2001 तिच्या सावलीतच राहिलं. 2001 चा उन्हाळा 2000 च्या मानानं थंड होता. त्यामुळे वाइन जरा सडपातळ झाल्या, पण त्यांच्यातला ताजेपणा टिकला. आज 2000 च्या बऱ्याच बड्या बाटल्या अजून कडक लागतात, तर 2001 च्या पिण्याच्या ऐन भरात आहेत. तुमचं लग्न 1992 किंवा 2013 चं असतं तर उत्तर फार वेगळं द्यावं लागलं असतं, कारण ती दोन्ही सालं बोर्दोत कमजोर गेली.

आता मुद्द्याचं. नवी वाइन घेताना आपण नाव, साल आणि किंमत पाहतो. 25 वर्षांच्या वाइनच्या बाबतीत या तिन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायचा: ही बाटली इतकी वर्षं कुठे होती? एकाच शातोच्या, म्हणजे द्राक्षमळा असलेल्या वाइन-घराच्या, एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या घ्या. एक 13 अंशांच्या दमट तळघरात आडवी पडून राहिली आणि दुसरी कुणाच्या तरी जिन्याखालच्या कपाटात, जिथे उन्हाळ्यात पारा 24-25 वर जातो. आज त्या उघडल्या तर त्या एकाच वाइनच्या आहेत यावर विश्वास बसणार नाही. म्हणूनच या व्यवसायात म्हणतात की एका वयानंतर चांगली वाइन असं काही नसतं, चांगली बाटली असते.

असं का होतं, ते समजून घेतलं की तपासणीही सोपी होते. लाल वाइनमधला तुरटपणा टॅनिनचा. वर्षानुवर्षं टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना चिकटत मोठे होतात आणि शेवटी तळाशी बसतात. तोच बाटलीतला साका. तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग आधी गर्द लाल आणि मग कडेनं विटकरी होतो. ताज्या ब्लॅककरंट या फळासारख्या वासाच्या जागी देवदाराचं लाकूड, तंबाखू, चामडं, ओली माती असे वास येतात. हे सगळं सावकाश झालं तरच गोडी. उष्णतेत रासायनिक क्रिया पळू लागतात. शिवाय वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, कडेनं थोडी बाहेर झिरपते आणि पुन्हा गार झाली की आत हवा ओढते. असं काही उन्हाळे झालं की वाइन मुरण्याऐवजी शिळी होते. चांगल्या सेलरचा, म्हणजे वाइन मुरवण्याच्या तळघराचा, हिशेब म्हणूनच ठरलेला आहे: 12 ते 14 अंश तापमान, तेही वर्षभर स्थिर, 60 ते 75 टक्के आर्द्रता, अंधार, हादरे नाहीत आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी.

कोणती घ्यावी याचं माझं उत्तर सरळ आहे. 1855 साली बोर्दोच्या शातोंची पाच वर्गांत वर्गवारी झाली, तिच्यातल्या पहिल्या वर्गाच्या नावांच्या मागे लागू नका. लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि 1973 साली त्यांच्यात बढती मिळालेलं मूताँ ही पाच नावं तुमच्या बजेटमध्ये बसत नाहीत, आणि बसताहेत असं कुणी दाखवलं तर तिथूनच काढता पाय घ्या. याच वर्गवारीच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्गात मात्र खजिना आहे. सँ-जुलियाँ गावातली लेओव्हिल-बार्तों आणि ग्रुओ-लारोझ, पोइयाकची ग्राँ-प्वी-लाकोस्त, दक्षिण मेदॉकमधली ला लाग्यून. वर्गवारीबाहेरची, पण मुरण्यात कुणालाही हार न जाणारी सोसियाँदो-माले. बोर्दो शहराच्या दक्षिणेला पेसाक-लेओन्याँ भागात दोमेन द शव्हालिए. यांच्या 2001 च्या बाटल्या दुकान आणि साठवणीच्या खात्रीप्रमाणे साधारण 50 ते 100 पौंडांच्या पट्ट्यात मिळतात. ही सगळी बोर्दोतल्या नदीच्या डाव्या काठाची. उजव्या काठावर, पोमेरोल आणि सँतेमिलियोंमध्येही 2001 छान उतरलं. तिथे मर्लो द्राक्षाचं प्रमाण जास्त, म्हणून वाइन जास्त मऊ. पण पोमेरोलचे मळे लहान आणि भाव चढे, त्यामुळे या पैशात डावा काठच अधिक देतो.

बड्या शातोंची ‘दुसरी वाइन’ हा मोह टाळा. लेबलवर ओळखीचं नाव दिसतं, किंमत निम्म्याहून कमी असते. पण ती बहुधा तरुण वेलींच्या द्राक्षांची आणि लवकर पिण्यासाठी केलेली असते. 10-12 वर्षांत तिचं बरंचसं सांगून झालेलं असतं.

आणि दोन महाग बाटल्यांऐवजी 80-90 पौंडांच्या तीन घ्या, तिन्ही एकाच पेटीतल्या. जुन्या बाटलीत एखादी दगा देणारच हे धरून चालावं लागतं. बुचाला टीसीए नावाच्या द्रव्याची बाधा असेल तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि ते बाहेरून कुणालाही, अगदी विकणाऱ्यालाही, कळत नाही. ऐन समारंभात हाताशी दुसरी बाटली असणं याला पर्याय नाही. (मॅग्नम, म्हणजे दीड लिटरची बाटली, सावकाश मुरते आणि सहसा अधिक ताजी निघते. पण ती बिघडली तर सगळंच गेलं. अर्धी बाटली या वयाची घेऊच नका.)

कुठून घ्यावी? लंडनमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न फ्रान्समध्ये राहणाऱ्यापेक्षाही सोपा आहे. बोर्दोची वाइन पिंपात असतानाच, काढणीनंतरच्या वसंतात विकायला काढतात, आणि ब्रिटिश व्यापारी पिढ्यानपिढ्या ती अशीच घेऊन ग्राहकांच्या नावानं साठवत आले आहेत. 2001 ची वाइन 2002 मध्ये विकली गेली, 2003 च्या सुमारास बाटलीबंद झाली आणि त्यानंतर इंग्लंडात पोचली. त्यातल्या कितीतरी पेट्या तेव्हापासून एकाच गोदामात, उत्पादनशुल्क न भरता, ‘इन बाँड’ पडून आहेत. विल्टशरमधल्या कॉर्शमला जुन्या दगडखाणीत, जमिनीच्या पोटात असं एक मोठं कोठार आहे. तुम्हाला हवी आहे ती अशीच बाटली: शातोतून निघाली, इंग्लंडात उतरली, कोठारात शिरली आणि आता थेट तुमच्याकडे. बेरी ब्रदर्स अँड रड या 1698 पासूनच्या व्यापाऱ्याकडे ग्राहकांनी साठवलेल्या वाइन इतर ग्राहकांना विकण्याची सोय आहे, आणि अशी सोय असलेले इतरही व्यापारी आहेत. अशा ठिकाणी बाटलीचा बहुतेक सगळा प्रवास नोंदलेला असतो.

यात एक खाच आहे. इन बाँडचा भाव म्हणजे अंतिम भाव नव्हे. त्यावर बाटलीमागे सुमारे 3 पौंड उत्पादनशुल्क, मग या एकूण रकमेवर 20 टक्के व्हॅट आणि वर घरपोच करण्याचा खर्च. 70 पौंडांची बाटली घरपोच खर्च सोडूनही 88 च्या आसपास जाते. शिवाय इन बाँड माल पुष्कळदा सहा किंवा बारा बाटल्यांच्या अख्ख्या पेटीनंच विकतात. त्यामुळे तीन बाटल्या हव्या असतील तर ‘शुल्क भरलेल्या’ सुट्या बाटल्यांची यादी मागा आणि त्या त्याच सेलरमधून निघाल्या आहेत का, ते विचारा.

लिलाव हा दुसरा मार्ग. तिथे बोली 100 पौंडांची लागली तर त्यावर लिलावघराचा हिस्सा येतो, तो 25 टक्के धरा. त्या हिश्श्यावर व्हॅट म्हणजे आणखी 5. झाले 130, आणि पोचवणं वेगळं. माल इन बाँड असेल तर शुल्क आणि बोलीच्या रकमेवरचा व्हॅटही आला. परत करण्याचा हक्क जवळजवळ नसतो. अनुभवी माणसाला लिलावात सौदा साधतो, पहिल्या खरेदीला मी तो सुचवणार नाही. ऑनलाइन बाजारात खासगी माणसाकडून ‘आजोबांच्या सेलरमधली’ म्हणून मिळणारी बाटली तर नकोच. त्या सेलरचं तापमान कुणी मोजलेलं नसतं.

थेट शातोकडून घेण्याची कल्पना सुंदर आहे, पण बोर्दोत बहुतेक माल दलाल आणि घाऊक व्यापाऱ्यांमार्फतच विकला जातो. शातो लातूरनं 2012 साली पिंपातली वाइन विकणं थांबवलं आणि आपल्याच तळघरात मुरलेल्या बाटल्या बाहेर काढायला सुरुवात केली. त्या खात्रीची किंमत मात्र ते पुरेपूर लावतात.

विक्रेत्याला लेखी विचारायचे प्रश्न चारच आहेत. ही वाइन तुम्ही कुणाकडून आणि कोणत्या साली घेतली? त्याआधी ती कुठे होती? मूळ लाकडी पेटी आहे का? आणि बुचाच्या दोषाची तक्रार आली तर तुम्ही काय करता? चांगला व्यापारी पहिल्या दोन प्रश्नांना साल आणि जागेसह उत्तर देतो. ‘उत्कृष्ट स्थितीत साठवलेली’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर आलंच नाही असं समजा.

मग फोटो मागवा, तुम्हाला मिळणार आहेत त्याच बाटल्यांचे. पहिला फोटो उभ्या बाटलीचा, पाठीमागून उजेड देऊन. यात वाइनची पातळी पाहायची. बोर्दोच्या बाटलीला स्पष्ट खांदे असतात, म्हणून पातळी खांद्याच्या हिशेबानंच सांगतात. 25 वर्षांच्या बाटलीत वाइन गळ्यात किंवा गळ्याच्या मुळाशी असायला हवी. खांद्याच्या अगदी माथ्यावर असेल तर चालेल, पण भाव कमी करून मागा. त्याच्याही खाली असेल तर सोडून द्या. 1961 किंवा 1970 च्या बाटलीत वरच्या खांद्यापर्यंत उतरलेली पातळी क्षम्य ठरते, पण 2001 च्या बाटलीत तिचा अर्थ बूच हरलं किंवा उष्णता लागली असाच होतो. लिलावाच्या यादीत हीच माहिती ‘बीएन’ म्हणजे गळ्याचं मूळ, ‘टीएस’ म्हणजे खांद्याचा माथा, ‘यूएस’ म्हणजे वरचा खांदा आणि ‘एमएस’ म्हणजे मधला खांदा अशी आद्याक्षरांत देतात. (बर्गंडी या फ्रान्सच्या दुसऱ्या वाइनप्रदेशातल्या उतरत्या खांद्यांच्या बाटलीला हा हिशेब लागू नाही. तिथे बुचापासून सेंटिमीटर मोजतात.)

दुसरा फोटो बुचावरच्या वेष्टनाचा, वरून आणि बाजूनं. वेष्टनाचा माथा सपाट हवा. मधोमध फुगवटा दिसला तर बूच वर सरकलं आहे, म्हणजे बाटली कधीतरी तापली आहे. वेष्टनाच्या खालच्या कडेला चिकट, काळपट ओघळ असेल तर वाइन झिरपली आहे. बाटली हातात मिळाली तर वेष्टन दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. सुटं फिरलं तर उत्तम, कारण आत वाळलेली चिकट वाइन नाही. काही शातो वेष्टन मुळातच घट्ट बसवतात, त्यामुळे फिरलं नाही म्हणून लगेच नापास करू नका. बाकीच्या खुणांशी ताडून पाहा.

तिसरा फोटो लेबलचा, पुढचा आणि मागचा. इथे नवखे लोक उलट निष्कर्ष काढतात. ओलीचे डाग पडलेलं, कडेनं थोडं कुजलेलं लेबल ही बहुधा चांगली खूण असते. सेलर दमट होतं, बूच सुकलं नाही. कोरं करकरीत लेबल वाइनबद्दल काहीच सांगत नाही. वाइनचे ओघळ मात्र वेगळे. ते लाल-जांभळे असतात आणि वरून खाली येतात. मागच्या बाजूला आयातदाराची पट्टी असेल तर नीट वाचा. गर्भवती स्त्रियांना आणि वाहनचालकांना उद्देशून अमेरिकी सरकारचा इशारा छापलेला असेल, तर ती बाटली अमेरिकेच्या बाजारासाठी गेली होती. 1989 च्या अखेरीपासून तिकडे तो बंधनकारक आहे. आता ती लंडनमध्ये विकायला असेल तर तिनं अटलांटिक दोनदा ओलांडला. आशियातल्या आयातदाराची पट्टी असेल तर तो प्रवास बहुधा उष्ण कटिबंधातूनही झाला. अशा बाटलीला मी पूर्ण भाव कधीच देणार नाही.

बनावट मालाची भीती या किमतीच्या बाटलीत फारशी नाही, कारण खोटेपणा करणाऱ्याला त्यात सुटतं काय? तो धोका लाफित, पोमेरोलची पेत्रुस किंवा बर्गंडीच्या दुर्मिळ नावांना. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात दोमेन पोंसो या बर्गंडीतल्या वाइन-घराच्या ‘क्लो सँ-दनी’ या मळ्याच्या जुन्या बाटल्या आल्या होत्या, पार 1945 पासूनच्या. दोमेन पोंसो ती वाइन करूच लागलं 1982 पासून. मालक लोराँ पोंसो यांनी स्वतः जाऊन तो माल मागे घ्यायला लावला. त्या बाटल्या पुरवणारा रुडी कुर्निवान 2013 मध्ये दोषी ठरला आणि 2014 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. तुमच्यापुरती खबरदारी एवढीच: उघडल्यावर बुचावर शातोचं नाव आणि साल छापलेलं आहे आणि ते लेबलशी जुळतं, हे बघा.

माल ऑक्टोबरात मागवा. जुलै-ऑगस्टात कुरियरच्या बंद गाडीत बाटली एका दुपारीत तापू शकते, आणि डिसेंबरच्या गर्दीत ती कुठेही अडकू शकते. आल्यावर घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. हीटरजवळ किंवा स्वयंपाकघरात नको. समारंभाच्या तीन दिवस आधी उभी करा, म्हणजे साका तळाशी बसेल.

उघडण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. 25 वर्षांचं बूच वरून धडधाकट आणि आतून भुसभुशीत असू शकतं. साधा स्क्रू मधोमध घुसवून जोरानं ओढला की ते अर्ध्यात तुटतं. त्यासाठी दोन पात्यांचा ‘आह-सो’ हा बूच काढायचा चिमटा वापरा. वेष्टन ओठाच्या खाली कापून काढा, बुचाचा माथा आणि काचेचा काठ ओल्या फडक्यानं पुसा. काळी बुरशी असेल तर घाबरू नका. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवा, मग आखूड. डावी-उजवीकडे डोलवत दोन्ही आत न्या आणि गोल फिरवत सावकाश वर ओढा. खाली दाबू नका, बूच आत पडतं. तरीही चुरा झालाच तर स्वच्छ, बिनवासाच्या मलमलीतून गाळून घ्या. साबणाचा वास असलेलं फडकं वाइन नासवतं.

आता थोडी ग्लासात ओतून वास घ्या. पहिल्या मिनिटाला कोंदट वास आला तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही, वाढतच जातो. तसं झालं तर दुसरी बाटली काढा. रंग चहासारखा तपकिरी आणि वास शिळ्या सफरचंदाचा असेल तर हवा शिरलेली आहे, तिथेही उपाय नाही. वाइन ठीक असेल तर बाटलीच्या खांद्याखाली टॉर्च किंवा मेणबत्ती ठेवा आणि एका दमात, न थांबता डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईत, ओता. साक्याची काळी रेघ गळ्याकडे सरकताना दिसेल. ती गळ्याशी आली की थांबा. तळाला 40-50 मिलिलिटर राहतील, त्यांचा लोभ धरू नका. ग्लासात उतरलेला साका सगळा मऊपणा कडू करतो. जेवणाआधी अर्धा ते एक तास हे करावं, जास्त आधी नको. जुनी वाइन हवेत लवकर थकते. तापमान 16 ते 18 अंश. सोबत साधं भाजलेलं मटण किंवा कोम्तेसारखं चीज. तिखट रश्श्यापुढे तिचा एकही वास उरत नाही.

पुण्याची बाटली. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. विमानतळावर काही घेतलंत तर तेही यातच धरलं जातं. बाटली चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून, आधी घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. खरेदीची पावती जवळ ठेवा. प्रवासात साका पार ढवळला जातो, म्हणून पोचल्याबरोबर उघडू नका. निदान आठवडाभर, जमल्यास दोन, ती उभी ठेवा. डिसेंबरात पुण्याच्या घरातली उत्तरेकडची खोली बरी असते, तरी दिवसा 25 च्या वर जात असेल तर घरच्या फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला उभी ठेवा. दारात नको, तिथे उघडझाप होते. दोन आठवड्यांच्या गारव्यानं वाइनला काही होत नाही. उघडण्याआधी दीड-दोन तास हळूच बाहेर काढा आणि आह-सो सामानात न्यायला विसरू नका. तो केबिन बॅगेत अडवतील, म्हणून बाटलीशेजारीच ठेवा.